कावेरीच्या डेल्टात भात कसा रुजला, आणि तिथे मराठ्यांचं काय उरलं?

प्रश्न असा आहे की तंजावर भागाला तमिळनाडूचं भाताचं कोठार का म्हणतात, ही भातशेती किती जुनी आहे, आणि जवळपास १८० वर्षं तिथे मराठ्यांचं राज्य होतं तर आज त्याचं काय दिसतं. मी सिंचनातला माणूस, नोकरीतली बरीच वर्षं तंजावर-तिरुवारूर पट्ट्यात कालव्यांच्या पाणी वाटपात गेली, त्यामुळे उत्तर पाण्याच्या बाजूनेच देणार. देवळं, संगीत, चित्रं यावर भरपूर लिहिलं गेलंय. पण माझं स्पष्ट मत आहे की तिथलं सगळं, म्हणजे राजा कोण, जमीन कुणाची, मजुरी किती, सण कधी, हे पाण्याचं दार कुणाच्या हातात यावरून ठरलं, आणि आजही बऱ्याच अंशी ठरतं.

आधी जागा समजून घ्या. कावेरी कर्नाटकात कोडगूमध्ये उगम पावते आणि साधारण ८०० किलोमीटर वाहून तमिळनाडूत बंगालच्या उपसागराला मिळते. तिरुचिरापल्लीच्या थोडं वर मुक्कोंबूला तिचे दोन भाग होतात, उजवीकडे कावेरी आणि डावीकडे कोळ्ळिडम, मध्ये श्रीरंगमचं बेट. बेट संपतं तिथे दोन्ही फाटे पुन्हा अगदी जवळ येतात आणि खरी अडचण इथेच आहे, कारण कोळ्ळिडमचं पात्र सखल, सरळ आणि जास्त उताराचं. पाण्याला मोकळं सोडलं तर ते कोळ्ळिडममध्ये पडून थेट समुद्रात जाणार आणि दक्षिणेची सगळी सपाट जमीन कोरडी राहणार. म्हणजे ज्याला आपण सुपीक डेल्टा म्हणतो तो आपोआप भिजत नाही, त्याला भिजवावं लागतं.

हे ज्याने पहिल्यांदा ओळखलं त्याने बेटाच्या टोकाशी कल्लणै हा दगडी बंधारा बांधला. परंपरेने तो करिकाल चोळाचा मानतात, म्हणजे साधारण इसवी सनाचं दुसरं शतक. सुमारे ३२९ मीटर लांब आणि २० मीटर रुंद, न घडवलेल्या दगडांचा, तोही रेतीत, कारण खाली खडक नाहीच. धरण म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर पाणी साठवणारी भिंत येते, कल्लणै तसा नाही. तो पाणी अडवून ठेवत नाही, फक्त वळवतो. नेहमीचं पाणी कावेरीकडे राहील आणि पूर आला की जास्तीचं कोळ्ळिडममध्ये सुटेल, एवढंच त्याचं काम, आणि ते काम त्याच जागी आजही चालू आहे. ज्या आर्थर कॉटनला पुढे गोदावरीच्या धवलेश्वरम बंधाऱ्यामुळे नाव मिळालं त्याने स्वतः मान्य केलंय की खोल रेतीत पाया कसा घालायचा हे आम्ही या जुन्या लोकांच्या कामावरून शिकलो. १८०० नंतर कावेरीच्या तोंडाशी गाळ साचून पाणी जास्त जास्त कोळ्ळिडमला जायला लागलं, डेल्टा तहानला, तेव्हा १८३६ मध्ये याच कॉटनने मुक्कोंबूचा वरचा बंधारा आणि खाली कोळ्ळिडमवरचा बंधारा अशी दोन कामं उभी केली.

आता भातच का? इथे दोन पावसांचा मेळ आहे. जून ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी पाऊस कोडगू-वायनाडकडे कोसळतो, डेल्टात तेव्हा फारसा पाऊस नसतो पण नदी भरून येते. ऑक्टोबर ते डिसेंबर उलट, वरचा पाऊस संपलेला असतो आणि डेल्टात ईशान्य मोसमी पाऊस पडतो. म्हणजे अर्धं वर्ष दुसऱ्याचा पाऊस नदीतून येतो आणि नंतर आपला पाऊस आभाळातून येतो, त्यावर काळी चिकण माती आणि जमिनीला उतार जवळजवळ नाहीच, अशा ठिकाणी भात सोडून दुसरं काही मोठ्या प्रमाणावर करणं अवघडच आहे. यातूनच तिथले तीन हंगाम बसले. जूनमध्ये पेरून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढायचं ते कुरुवै, साधारण ११० दिवसांचं. ऑगस्टमध्ये सुरू होऊन जानेवारीत निघणारं लांब मुदतीचं ते सांबा. आणि कुरुवै काढून त्याच खाचरात दुसरं पीक घेतलं की ते ताळडी. डेल्टाच्या वर कावेरीवरचं मेट्टूर धरण १९३४ मध्ये पूर्ण झालं, क्षमता ९३.४७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), आणि तेव्हापासून पाणी १२ जूनला सोडायचं आणि २८ जानेवारीला बंद करायचं असा रिवाज पडला. डेल्टातल्या कुठल्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला १२ जून ही तारीख पाठ असते.

एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांच्या लवकर लक्षात येत नाही म्हणून सांगतो. आपल्याकडे कालव्यावर शेताला चारी असते, पाळी आली की दार उघडायचं, आपलं भिजवायचं, बंद करायचं. डेल्टात पुष्कळ ठिकाणी प्रत्येक खाचराला वेगळी चारी नाहीच, पाणी वरच्याच्या खाचरातून बांध ओलांडून खालच्याच्या खाचरात जातं आणि तिथून पुढच्याच्या. त्यामुळे एकट्याने काही ठरवता येत नाही. तुम्हाला उडीद लावायचाय आणि वरच्याने भात लावलाय तर तुमच्या खाचरात पाणी येणारच. रोपं टाकणं, चिखलणी, लावणी, शेवटी पाणी तोडणं, सगळं गावाने एकत्रच करायचं. उन्हाळ्यात पाणी सुटायच्या आधी चाऱ्यांमधला गाळ गावाने मिळून काढायची जुनी पद्धत होती, तिला कुडिमरामत्तु म्हणतात, मधल्या काळात ती मोडली आणि २०१६-१७ पासून तमिळनाडू सरकारने त्याच नावाची योजना आणली. आपल्या धुळे-नंदुरबारकडच्या फड पद्धतीत गाव मिळून पीक आणि पाणी ठरवायचं ना, त्याच्या जवळ जाणारं हे आहे, फक्त आकार अवाढव्य, कावेरी डेल्टाचा विभाग साडेचौदा लाख हेक्टरच्या आसपास भरतो.

आणि म्हणूनच चोळांच्या काळात इतकं मोठं राज्य इथे उभं राहू शकलं. जिथे पाणी ठरलेलं तिथे पीक ठरलेलं आणि जिथे पीक ठरलेलं तिथे कर ठरलेला. राजराज चोळाने जमिनीची मोजणी करवली, १०१० मध्ये तंजावरचं बृहदीश्वर मंदिर पूर्ण झालं आणि त्याच्या भिंतींवर कुठल्या गावाने देवळाला किती भात द्यायचं ते कोरून ठेवलंय. मापसुद्धा लिहिलंय, आडवल्लान नावाचं मरक्काल, हे नटराजाचं नाव, आणि ते राजकेसरी या मापाइतकंच आहे असंही स्पष्ट केलंय म्हणजे कुणी मापात खोट करू नये. लोक मंदिराचं शिखर बघतात, फोटो काढतात, निघतात. मी ज्यांना बरोबर नेलं त्यांना आधी खालच्या पट्टीवरची ही अक्षरं दाखवली, कारण ते देऊळ म्हणजे त्या काळची भाताची तिजोरी पण होती, येणारं धान्य, जाणारं धान्य, नोकर, नर्तकी, दिव्याचं तूप, सगळ्याचा हिशेब भिंतीवर. आजही तिथला शेतकरी एकर कमी बोलतो, 'मा' जास्त बोलतो, एक मा म्हणजे साधारण ३३ सेंट, सेंट म्हणजे एकराचा शंभरावा भाग, तीन मा म्हणजे जवळपास एक एकर, आणि २० मा म्हणजे एक वेली.

मराठ्यांकडे येऊ. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी म्हणजे एकोजी हे आदिलशाहीकडून दक्षिणेत गेले आणि १६७५-७६ च्या सुमारास त्यांनी तंजावर घेतलं. तिथपासून १८५५ मध्ये दुसरे शिवाजी वारस न ठेवता वारले आणि कंपनीने राज्य खालसा केलं तोपर्यंत भोसल्यांची गादी होती, जरी १७९९ नंतर खरा कारभार कंपनीकडेच गेलेला. आपल्याकडे या घराण्याबद्दल बोलताना सरस्वती महाल ग्रंथालय आणि नाच-गाणं एवढ्यावर गाडी थांबते. पण एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. राज्य तंजावरचं, पण पाण्याचं नाक, म्हणजे कल्लणै आणि तिथला कावेरीचा बांध, हा तिरुचिरापल्लीच्या हद्दीला लागून आणि तिरुचिरापल्ली अर्काटच्या नवाबाकडे. १७६० च्या दशकात हा बांध दुरुस्त करायला तंजावरच्या राजाला नवाब परवानगी देईना, शेवटी मद्रासच्या कंपनी सरकारला मध्ये पडावं लागलं. विचार करा, ज्या राज्याचं सगळं उत्पन्न भातावर त्याला स्वतःच्या पाण्याचा बांध दुरुस्त करायला शेजाऱ्याची परवानगी लागायची. तलवारीत कमी पडले म्हणून तंजावर कमजोर झालं असं सरळ लिहिणारे हा भाग वगळतात याचं मला वाईट वाटतं. पुढे १७७३ मध्ये नवाबाने कंपनीच्या मदतीने तंजावर काही काळ घेतलं, १७८१ च्या सुमारास हैदरअलीच्या फौजांनी डेल्टा उजाड केला, माणसं गेली, बैल गेले, आणि त्या धक्क्यातून शेती सावरायला बरीच वर्षं लागली.

मराठ्यांनी तिथे काय केलं याचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे छत्रं, तमिळमध्ये चत्तिरम. तंजावरहून रामेश्वरला जाणाऱ्या यात्रेच्या वाटेवर राजघराण्याने ही अन्नछत्रं बांधली, बऱ्याचशांना राण्यांची किंवा राजघराण्याशी जोडलेल्या स्त्रियांची नावं. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र तेव्हाचे राजे दुसरे सरफोजी यांनी १८०२ मध्ये बांधलं, नीडामंगलमला यमुनांबाळ छत्र आहे. या छत्रांना गावं तोडून दिलेली, त्या गावांचं भात छत्राच्या कोठारात यायचं आणि वाटसरूंच्या पानात जायचं, शिवाय आजाऱ्याला औषध, मुलांना शिक्षण. कंपनी कारभार घेत होती तेव्हा १८०१ मध्ये सरफोजींनी रेसिडेंटला, म्हणजे दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीला, पत्र लिहून या छत्रांना हात लावू नका अशी कळकळीची विनंती केली होती. राज्य जातंय आणि राजा अन्नछत्रासाठी भांडतोय, हे मला त्यांच्या सगळ्या ग्रंथसंग्रहापेक्षा मोठं वाटतं. या सगळ्याचे हिशेब मोडीत लिहिलेत, सरस्वती महालाकडे मोडी कागदांचे ढीग आहेत, आणि ज्यांना मोडी येते अशा आपल्याकडच्या तरुणांनी नुसती शिवकालीन पत्रं न वाचता इकडेही वळावं असं मला मनापासून वाटतं, कारण धान्याचे भाव, मजुरी, छत्रातला रोजचा शिधा हे सगळं त्यात आहे.

बाकी जे उरलंय ते असं. बृहदीश्वराच्या आवारातल्या भिंतीवर १८०३ चा भोसले घराण्याच्या इतिहासाचा मराठी शिलालेख आहे, इतका लांब की वाचत चालावं लागतं. समर्थांच्या परंपरेचे मठ तंजावर-मन्नारगुडीकडे झाले. मराठी कीर्तनकार तिकडे गेले आणि तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद मुरले, तिथल्या जाणत्या कथाकाराला साकी म्हणायला सांगा, लगेच म्हणेल. आणि तंजावर मराठी बोलणारी घरं अजून आहेत, तमिळच्या संगतीने बदललेली तीनशे वर्षांपूर्वीची मराठी, ऐकायला सुरुवातीला जड जाते मग कान सरावतो.

पण इतिहास म्हणून फक्त हे सांगून थांबलो तर अर्धवट होईल. या भाताच्या कोठारात भात पिकवणाऱ्याच्या ताटात भात पुरेसा नव्हता हेही तितकंच खरं. जमीन मिरासदारांची, ब्राह्मण, वेळ्ळाळ आणि इतर जमीनदार जाती, शिवाय देवळं आणि मठ यांच्या प्रचंड जमिनी, आणि चिखलात उतरणारे बहुतेक दलित मजूर, त्यांना पण्णैयाळ म्हणायचे, पिढ्यानपिढ्या एका वाड्याशी बांधलेले. चूक झाली की चाबकाचे फटके आणि शेण कालवलेलं पाणी पाजणं या शिक्षा तिथल्या जुन्या लोकांनी सोसल्यात. १९४० च्या दशकात बी. श्रीनिवास राव यांच्यासारख्या कम्युनिस्ट कार्यकर्त्यांनी या मजुरांची संघटना बांधली आणि १९५२ मध्ये पण्णैयाळ संरक्षणाचा कायदा झाला. मग १९६० पासून तंजावर हा देशातल्या पहिल्या सघन शेती जिल्ह्यांपैकी एक झाला, आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रातली एडीटी २७ ही जात कुरुवैत पसरली, खत आलं, उत्पादन वाढलं, आणि साहजिकच मजूर म्हणाले की वाढलेल्या भातात आमचा वाटा पण वाढवा. कापणीच्या मजुरीत थोडं जास्त भात, एवढीच मागणी. त्यावरून पेटलेल्या भांडणात २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री कीळवेण्मणी गावात एका झोपडीत आसऱ्याला गेलेली ४४ दलित माणसं जाळली गेली, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. हायकोर्टात आरोपी जमीनदार सुटले. हरितक्रांतीच्या वर्गात उत्पादनाचे आकडे शिकवतात तेव्हा ही तारीख त्याच पानावर शिकवली पाहिजे. या घटनेनंतर कृष्णम्माळ आणि शंकरलिंगम जगन्नाथन हे सर्वोदयी जोडपं इथेच राहिलं आणि त्यांनी भूमिहीन दलित बायकांच्या नावावर जमीन करून द्यायचं काम उभं केलं, तेही वाचा.

आता आजची स्थिती. कावेरीचा वाद सगळ्यांना बातम्यांतून माहीत असतो, १८९२ आणि १९२४ चे करार, १९९० चा लवाद, २००७ चा निवाडा, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने कर्नाटकाने सीमेवरच्या बिळिगुंडलू या पाणी मोजायच्या ठिकाणी सामान्य वर्षात १७७.२५ टीएमसी द्यायचं असं ठरवलं. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने वर्षाच्या एकूण आकड्यापेक्षा महिना महत्त्वाचा. जूनचं पाणी ऑगस्टमध्ये दुप्पट दिलं तरी कुरुवै परत येत नाही. २०१२ पासून सलग आठ वर्षं मेट्टूर १२ जूनला उघडता आलं नाही, २०२० मध्ये पुन्हा उघडलं, २०२२ मध्ये तर पाणी इतकं होतं की मे महिन्यातच सोडलं, आणि २०२४ मध्ये थेट जुलैच्या अखेरीस. अशा वर्षी पश्चिमेकडचा शेतकरी बोअरवर कुरुवै करतो पण नागपट्टिनमच्या बाजूला जमिनीखालचं पाणी खारं, तिथे बोअर असून उपयोग नाही.

या शेवटच्या भागाला कडैमडै म्हणतात, आपल्या भाषेत कालव्याचा टेल. डेल्टाची तब्येत बघायची तर मी कल्लणैला बघत नाही, टेलला बघतो. नीडामंगलमला वेण्णारु या कावेरीच्या शाखेचे तीन फाटे होतात, त्या जागेला मूणारु हेड म्हणतात, तिथे गेटवर लस्कर म्हणजे दारं उघडबंद करणारा कर्मचारी असतो, भिंतीवर फूटपट्टी रंगवलेली, आणि पाणी कमी असलं की मुरै म्हणजे पाळी लागते, काही दिवस या फाट्याला, काही दिवस त्या. तिथे पट्टीवर पाणी बोटभर खाली गेलं तर वरच्या गावांना जाणवतही नाही पण खाली तिरुत्तुरैपूंडीच्या पुढे दोन-तीन दिवसांनी चारी कोरडी पडते. मग तिथले शेतकरी पाण्याची वाटच बघत नाहीत, कोरड्या ढेकळात भात पेरून ठेवतात आणि पहिल्या पावसावर उगवून घेतात. आणि नोव्हेंबरमध्ये तेच शेत गळ्यापर्यंत पाण्यात, कारण वरच्या सगळ्यांचा निचरा तिकडेच येतो आणि भरतीच्या वेळी समुद्र पाणी घेत नाही. सुरुवातीला दुष्काळ आणि नंतर पूर, एकाच हंगामात, एकाच शेतात.

त्यात वाळू उपसा. कोळ्ळिडमचं पात्र उपशाने खोल गेलंय, ऑगस्ट २०१८ मध्ये मोठं पाणी सोडलेलं असताना मुक्कोंबूच्या जुन्या बंधाऱ्याची नऊ दारं वाहून गेली. त्याच नोव्हेंबरमध्ये गज चक्रीवादळ वेदारण्यमजवळ धडकलं, नारळाच्या बागा आडव्या झाल्या. २०२० मध्ये सरकारने डेल्टा हा संरक्षित शेती विभाग जाहीर केला, त्यामुळे नवीन तेल-वायूच्या विहिरींना आळा बसला, हे लोकांच्या आंदोलनाचं मोठं यश आहे.

जुन्या जातींबद्दलही विचारतात म्हणून थोडक्यात. तिरुत्तुरैपूंडीजवळच्या नेल जयरामन यांनी दीडशेहून जास्त देशी भाताच्या जाती गोळा केल्या, दरवर्षी बियाण्याचा उत्सव भरवला, शेतकऱ्याला दोन किलो बी द्यायचं आणि पुढच्या वर्षी त्याने चार किलो परत आणायचं. ते २०१८ मध्ये गेले पण उत्सव चालू आहे. काट्टुयानम, माप्पिळ्ळै सांबा, पूंगार, यातल्या काही जाती पुरात आणि खाऱ्या जमिनीत तग धरतात, टेलच्या शेतकऱ्यासाठी हे शौकाचं नाही, विम्यासारखं आहे. सगळ्या डेल्टाने देशीवर यावं असं मी म्हणणार नाही, उंच वाढतात, लोळतात, उतारा कमी, पण टेलला त्यांची जागा पक्की आहे.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर आडि या तमिळ महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे २ किंवा ३ ऑगस्टच्या आसपास, आडिप्पेरुक्कु या नदीच्या सणाला जा. बायका नदीवर येऊन ताडपत्राची कर्णफुलं आणि काळे मणी कावेरीला वाहतात, पिवळा दोरा बांधतात, चिंचेचा भात, लिंबाचा भात, दहीभात असे डबे घाटावर उघडतात, मुलं लाकडी छोटे रथ ओढत फिरतात. ज्या वर्षी पाणी आलेलं नसतं त्या वर्षी लोक बोअरच्या पाण्याने बादली भरून पूजा करतात, तेही मी पाहिलंय. दुसरी वेळ म्हणजे पोंगल झाल्यावर जानेवारीचा शेवट, सांबाची कापणी. तेव्हा एक गोष्ट नक्की बघा: भात उभं असतानाच, कापणीच्या आठ-दहा दिवस आधी, ओलसर मेणासारख्या चिखलात उडीद किंवा मूग फेकून पेरतात, नंतर भात कापला जातो आणि खाली कोवळी रोपं उभी असतात, पुढे एकही पाणी न देता नुसत्या ओलीवर आणि दवावर ते पीक येतं. चाकाचं हार्वेस्टर आणलं तर ती रोपं चिरडतात म्हणून शेतकरी साखळीवाल्या मशीनसाठी चार दिवस थांबायला तयार असतो, आणि नेमका त्याच चार दिवसांत अवकाळी पाऊस आला तर सरकारी खरेदी केंद्रावर भातात ओलावा १७ टक्क्यांपेक्षा जास्त नको हा नियम आडवा येतो. तंजावरला मुक्काम करा, पहिला दिवस कल्लणै आणि मंदिर, दुसरा ओरत्तनाडूचं छत्र आणि मन्नारगुडी, तिसरा नीडामंगलम, तिरुवारूर आणि तिथून कीळवेण्मणीचं स्मारक, या क्रमाने गेलात तर पाण्याबरोबरच वरून खाली जाणं होईल. नोव्हेंबर-डिसेंबर मात्र टाळा, तेव्हा रस्ते पाण्याखाली असतात आणि तिथल्या कुणालाच तुमच्याशी बोलायला वेळ नसतो.